शुगर नॉर्मल, मग पाय का सुजले?

मृगाच्या आधीची गोष्ट आहे. नेहमी येणाऱ्या एक मावशी माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या, पायातली कोल्हापुरी काढली आणि पावलावर उमटलेला पट्ट्याचा खोल वळ दाखवत म्हणाल्या, "दोन वर्षं वापरलेली चप्पल हाय. चामडं वापरून सैल पडतं, आवळत न्हाई कधी. म्हंजे पायच फुगल्यात न्हवं? सूज उतरायची एखादी गोळी द्या." हातात लॅबचा रिपोर्ट होता. उपाशीपोटीची साखर ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.८ टक्के, म्हणजे वर्षभरातली सर्वांत चांगली. शुगर झकास आणि पाय मात्र टम्म, याचा मेळ त्यांना लागत नव्हता. मी त्यांच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचली. दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या त्या एकाच गोळीत तीन औषधे होती आणि तिसऱ्याचे नाव होते पायोग्लिटाझोन. सूज उतरायची गोळी मी दिली नाही. चिठ्ठीवर त्या नावाखाली रेघ मारली, "पाय सुजले आहेत, वजन पाहावे" एवढे लिहिले आणि त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवले.

मधुमेहाची गोळी म्हणजे साखर उतरवणारी गोळी, एवढीच तिची ओळख बहुतेक घरांत असते. प्रत्यक्षात यांपैकी काही गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, काही ते बाहेर काढतात, आणि हा चढउतार शेवटी हृदयाला सोसावा लागतो. साखरेच्या रिपोर्टात त्याचा मागमूसही नसतो. हा विषय आत्ताच काढण्याचे कारण असे की मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचे भारतातले पेटंट संपले, अनेक कंपन्यांनी ते एकाच वेळी बाजारात आणले आणि सुमारे ६० रुपयांना मिळणारी गोळी १०-१५ रुपयांच्या घरात आली. "हार्टला पण चांगली असते म्हणे, तीच द्या" असे काउंटरवर सांगणारे लोक तेव्हापासून वाढले आहेत. ते म्हणतात ते खोटे नाही. पण त्याला जोडून जे सांगायला हवे, ते काउंटरवरच्या दोन मिनिटांत सांगून होत नाही.

## आधी पाण्याचा हिशेब

आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते, कारण गाळलेल्यापैकी जवळजवळ सगळे पाणी, मीठ आणि साखर पुढच्या बारीक नळ्यांमधून परत रक्तात ओढून घेतले जाते. यात पाण्याला स्वतःची अशी मर्जी फारशी नसते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसे शरीरातही मीठ जिथे थांबते तिथे पाणी जमते. त्यामुळे शरीरातले पाणी वाढवायचे की कमी करायचे, हे मूत्रपिंड किती मीठ परत घेते त्यावर ठरते.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावायला लांब जावे लागत नाही. आपल्याकडच्या नद्यांवरचे बंधारे डोळ्यांसमोर आणा. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की तेच बरगे काढून नदी मोकळी करतात. बरगे घालणे वाईट नाही आणि काढणेही वाईट नाही; पण पाऊस कोसळत असताना बरगे तसेच राहिले तर पाणी शेतात शिरते आणि एप्रिलात कोणी ते काढून नेले तर ऊस वाळतो. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांविषयी हा लेख आहे, त्या मूत्रपिंडाच्या बंधाऱ्यावर हेच काम करतात. एक घराणे बरगे घालते, दुसरे काढते. गोळी कोणती याच्या बरोबरीने रुग्णाच्या शरीरात ऋतू कोणता चालू आहे, हेही म्हणूनच पाहावे लागते.

## 'हार्ट फेल' म्हणजे हृदय थांबणे नव्हे

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा गोंधळ काढून टाकू. आपल्या बोलण्यात "हार्ट फेल झाला" म्हणजे माणूस गेला. वैद्यकात हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते आहे. नदीवरून उसाला पाणी उचलणारी जुनी मोटर जशी फिरत असते पण वरच्या सरीपर्यंत पाणी पोचवत नाही, तशी ही अवस्था असते. पंप कमी पडला की मागे पाणी तुंबते. ते पायांत उतरले तर सूज येते आणि फुप्फुसांत साचले तर दम लागतो. हृदयविकाराचा झटका वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनीच तुंबते. झटक्याने हृदयाचा स्नायू दुबळा होऊन पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकते, पण दोन्ही एक नाहीत आणि एखादे औषध एकाचा धोका वाढवून दुसऱ्याचा न वाढवता राहू शकते.

मधुमेह असलेल्यांना हार्ट फेल्युअरचा धोका मुळातच जास्त असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पाहणीत १९७४ सालीच दिसून आले होते की मधुमेही पुरुषांत तो इतरांच्या दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आहे. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. म्हणजे ज्यांचा पंप आधीच थकण्याच्या वाटेवर आहे, अशा फार मोठ्या समूहाला आपण पाण्याची पातळी बदलणारी औषधे देत आहोत.

## बरगे घालणारी गोळी

पायोग्लिटाझोन हे ग्लिटाझोन घराण्यातले औषध आहे. ते इन्सुलिन वाढवत नाही. शरीराच्या पेशी असलेल्या इन्सुलिनला दाद देत नसतील, तर त्यांना ती द्यायला लावते. काम चांगले करते, स्वस्त आहे आणि एकटे घेतले तर साखर एकदम खाली पाडत नाही. पण ज्या कळीवर बोट ठेवून ते हे सगळे करते, तीच कळ मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमध्येही असते आणि तिथे ती दाबली गेली की मीठ जास्त प्रमाणात परत घेतले जाते. मिठामागून पाणी येते, रक्तातला द्रव वाढतो आणि त्यातला काही भाग बारीक वाहिन्यांमधून झिरपून घोट्यापाशी साठतो. एकट्या पायोग्लिटाझोनवर असलेल्या साधारण १०० पैकी ५ जणांना सूज येते. सोबत इन्सुलिन असेल तर हा आकडा १५ च्या आसपास जातो, कारण इन्सुलिन स्वतःही मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. इन्सुलिन नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पाय किंवा चेहरा कधी कधी थोडा सुजतो, तो याचमुळे. ही सूज बहुधा आपोआप उतरते.

ज्याचे हृदय ठणठणीत आहे, त्याला हे जादा पाणी सहसा झेपते. ज्याचा पंप कमकुवत आहे, त्याचा मात्र बांध फुटतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,२३८ मधुमेहींवरच्या प्रोअॅक्टिव्ह या चाचणीत पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ४ टक्के लोकांना हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात दाखल व्हावे लागले. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या घराण्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. बसल्या जागी किंवा थोड्याशा हालचालीनेही दम लागतो, अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला हे औषध सुरू करायचेच नसते.

भारतात जून २०१३ मध्ये पायोग्लिटाझोनची विक्री थांबवण्यात आली होती. त्या वेळी चर्चा मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेची होती. महिना-दीड महिन्यात इशाऱ्याच्या अटीवर बंदी उठली. त्या गदारोळात लोकांच्या लक्षात कर्करोग राहिला आणि पाण्याचा मुद्दा मागे पडला. माझ्या मते रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा मुद्दा पाण्याचाच आहे, कारण तो कितीतरी अधिक लोकांना भोवतो आणि तो वेळीच डोळ्यांनी दिसतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सूज दिसली की "लघवीची गोळी" मागून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. पायोग्लिटाझोनची सूज त्या नेहमीच्या गोळीला फारशी दाद देत नाही. मूळ औषध कमी केले किंवा थांबवले की उतरते. दरम्यान लघवीच्या गोळीने रक्तातले पोटॅशियम आणि सोडियम घसरते ते वेगळेच. एका गोळीच्या परिणामावर दुसरी, दुसरीच्या परिणामावर तिसरी, असा ढीग पिशवीत कसा जमतो, ते मी काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो.

## बरगे काढणारी गोळी

दुसऱ्या घराण्याची नावे ग्लिफ्लोझिनने संपतात: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. मूत्रपिंडात गाळलेली साखर परत रक्तात नेणारा जो मुख्य हमाल असतो, त्याला ही औषधे अडवतात. एरवी रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही; या गोळीने ती त्याआधीच उतरू लागते आणि दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, म्हणजे डझनभराहून अधिक चमचे साखर लघवीवाटे निघून जाते. तिच्यासोबत मीठ आणि पाणीही जाते. कल्पना नवी नाही. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये असा गुण असलेला एक पदार्थ वेगळा काढला गेला होता. त्यापासून पोटात घेता येईल असे औषध बनायला पावणेदोनशे वर्षे लागली. ज्या आजाराचे नावच लघवीतल्या गोडव्यावरून पडले, त्यात लघवी मुद्दाम गोड करणारे औषध द्यायचे, ही गंमत जुन्या डॉक्टरांनाही पचायला वेळ लागला.

२०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची ७,०२० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे सर्व जण मधुमेहासोबत आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले होते. सुमारे तीन वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू औषध न घेणाऱ्यांत दर १०० मागे जवळजवळ ६ होते, घेणाऱ्यांत ४ च्या खाली. हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटले. मग २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनची ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हताच, तरीही फायदा झाला. म्हणूनच आज मधुमेह नसलेल्या काही हृदयरुग्णांच्या चिठ्ठीवरही "शुगरची गोळी" दिसते. ती पाहून घरचे घाबरतात, काही जण गोळी घेतच नाहीत. चिठ्ठीत चूक झालेली नसते.

आता याच गोळीचा उन्हाळा पाहू. सुरुवातीच्या दिवसांत लघवी रोज पाव ते अर्धा लिटर वाढते. ज्यांच्या अंगात पाणी साठले आहे त्यांना हे हवेच असते. पण वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू, त्यात आधीपासूनची लघवीची गोळी, आणि चैत्रात भर उन्हात जोतिबाच्या डोंगरावर पायी चढायचे, असा योग जुळला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोल जाणे, मूत्रपिंडावर ताण पडणे हे सगळे होऊ शकते. जुलाब-उलट्यांच्या दिवसांतही तेच. अशा आजारपणात, खाणे-पिणे पोटात राहत नसेल तर, ही गोळी तात्पुरती थांबवायची असते आणि जेवण पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करायची असते. हा नियम डॉक्टरांनी गोळी लिहितानाच सांगावा अशी अपेक्षा आहे. सांगितला नसेल तर आपण विचारावा. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे नेहमीचे औषध पाणी धरत नाही की काढत नाही, पण शरीर कोरडे पडून मूत्रपिंड मंदावले तर ते अंगात साचते. म्हणून अशा दिवसांत त्याविषयीही विचारून घ्यावे. उलट इन्सुलिन मात्र "जेवले नाही" म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते.

गोड लघवीमुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीची खाज येणे हा या घराण्याचा सर्वांत सामान्य त्रास. स्त्रिया तो महिनोन्‌महिने लाजेने सांगत नाहीत आणि खाजेचे मलम आणायला मुलाला पाठवतात. जागा धुऊन कोरडी ठेवणे आणि वेळेत सांगणे एवढ्याने तो बहुधा आटोक्यात राहतो. फार क्वचित त्या भागात खोलवर जंतुसंसर्ग होतो. तिथे दुखून सूज आणि ताप आला तर रात्र काढू नये.

दुसरा धोका दुर्मीळ, पण फसवा आहे. साखर लघवीतून जात असताना पोटातही अन्न नसेल तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साचते. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास ही त्याची लक्षणे. एरवी अशा अवस्थेत साखर तीनशे-चारशेच्या वर असते, म्हणून ओळखू येते. या गोळीवर असताना ती २५० च्या आत दिसू शकते आणि "शुगर तर ठीक आहे, पित्त असेल" म्हणून वेळ जातो. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बायकांची संख्या आपल्या गावात मोठी आहे. या गोळीवर असणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इन्सुलिनही घेत असतील तर नक्कीच. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी हे औषध थांबवतात, तेही याच कारणासाठी. डॉक्टर "शुगरची गोळी चालू आहे का" असे विचारतात, आपण "हो" म्हणतो. कोणती, ते सांगायचे राहून जाते.

## "साखर उतरली की हृदय सुरक्षित, मग हा घोळ कशाला?"

हा आक्षेप रास्त आहे आणि २००७-०८ पर्यंत जगभरचे डॉक्टरही बहुतांशी असेच मानत होते. पायोग्लिटाझोनचेच भावंड असलेले रोसिग्लिटाझोन साखर छान उतरवत असे. २००७ मध्ये ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा ते घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ४३ टक्के जास्त दिसला. २०१० मध्ये युरोपने ते बाजारातून काढले, भारतानेही त्याच वर्षी बंदी घातली. न्यायाने सांगायचे तर पुढच्या फेरतपासणीत झटक्याचा धोका इतका ठाम आढळला नाही आणि अमेरिकेने २०१३ मध्ये निर्बंध सैल केले. पाणी धरण्याचा दोष मात्र कोणीच नाकारला नाही.

२००८ मध्ये तर आणखी मोठा धक्का बसला. १०,२५१ मधुमेहींपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची सरासरी ६ च्या खाली आणण्याचा चंग बांधलेल्या अॅकॉर्ड या चाचणीत त्या गटात २५७ मृत्यू झाले आणि सौम्य उपचारांच्या गटात २०३. म्हणून तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. याला कोणतीही एक गोळी जबाबदार धरता आली नाही. हृदयाचा आजार किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या माणसाची साखर अनेक औषधे एकावर एक चढवून खेचून खाली आणणे हेच त्याला सोसत नाही, एवढे त्यातून दिसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठरवले की मधुमेहाच्या नव्या औषधाने साखर उतरवून भागणार नाही, ते हृदयाला धोका वाढवत नाही हेही दाखवले पाहिजे. ग्लिफ्लोझिनचा हृदयाला होणारा फायदा सापडला तो या नियमामुळे. धोका शोधायला गेले आणि उपकार सापडला.

या नियमाने उलटही काही दाखवले. मधुमेहाच्याच गोळ्यांच्या ग्लिप्टिन घराण्यातल्या सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ मधल्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण २.८ वरून ३.५ टक्क्यांवर गेले आणि २०१६ मध्ये त्यावर इशारा आला. त्याच घराण्यातले सिटाग्लिप्टिन १४,६७१ रुग्णांवर तपासले, तर तसला फरक दिसला नाही. घराणे एक म्हणून गुणदोष एकच, असे समजायचे कारण नाही.

ग्लिमेपिराइडसारख्या जुन्या गोळ्या हृदयावर थेट पाणी चढवत नाहीत. त्यांचा धोका वेगळ्या वाटेने येतो: जेवण चुकले आणि साखर एकदम पडली की शरीर घाबरून अॅड्रिनॅलिन सोडते, घाम फुटतो, छाती धडधडते. दुबळ्या हृदयाला हा धक्का महागात पडू शकतो.

## "पाय सुजले म्हणजे गोळीच कारण कशावरून?"

नसेलही. रक्तदाबासाठी फार वापरली जाणारी अॅम्लोडिपिन पाय सुजवते. गुडघ्यांसाठी घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मीठ धरते आणि लघवीच्या गोळीचा परिणामही मारते. मूत्रपिंडाचा आजार, शिरांचा दोष, दिवसभर खुर्चीत पाय लोंबते ठेवून बसणे, ही कारणेही आहेतच. एकच पाय सुजला असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर त्याचा या लेखाशी संबंध नाही. ती गुठळी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो आणि लगेच दाखवायला हवे.

पाण्याची सूज घरी ओळखता येते. नडगीच्या हाडावर अंगठ्याने काही सेकंद दाबून सोडले की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. पण सूज दिसण्याआधी बोलतो तो वजनकाटा. पुराच्या दिवसांत कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला पातळी किती?" ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. हृदयाचा त्रास असलेल्या मधुमेह्याने वजनाची तशीच नोंद ठेवावी: रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती इशारा पातळी. चरबी इतक्या लवकर चढत नाही, ते पाणीच असते. सपाट झोपले की दम लागणे, उशीवर उशी घ्यावी लागणे, रात्री घाबरून उठून बसावे लागणे, ही धोका पातळी. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही.

## "मग मी कोणत्या घराण्याची गोळी घेतो, हे कळणार कसे?"

पट्टीवर ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचे नाव छापलेले असते आणि काही पट्ट्यांवर ते देवनागरीतही असते. त्याचे शेपूट वाचावे. पन्हाळकर, राधानगरीकर म्हटले की गाव कळते, तसे शेवटी ग्लिटाझोन असेल तर पाणी धरणारे, ग्लिफ्लोझिन असेल तर पाणी काढणारे. एका गोळीत दोन-तीन औषधे असतील तर सगळी नावे वाचावीत, कारण आपल्याकडच्या पट्ट्यांमध्ये पायोग्लिटाझोन बऱ्याचदा शेवटच्या ओळीत बसलेले असते. स्वस्त पट्टी आणि महाग पट्टी यांत मूळ नाव व मिलिग्रॅम तेच असेल तर औषध तेच. एकच औषध दोन ब्रँडच्या नावांनी दोनदा घेतले जात नाही ना, हेही त्यातच कळते.

## "एवढा धोका असेल तर बंदच करतो"

तसे करू नये. पायोग्लिटाझोन घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना सूज येत नाही, आणि यकृतावर चरबी साठलेल्या काही रुग्णांना ते डॉक्टर विचारपूर्वक देतात. ग्लिफ्लोझिन अचानक सोडले तर ज्या हृदयाला त्याचा आधार होता, तो आधार जातो. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेऊन पायांतले पाणी उतरत नाही. मिठावर हात आखडल्याने मात्र काही प्रमाणात उतरते. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खर्डा, लोणचे, पापड आणि वाटीभर पांढरा रस्सा एकाच ताटात आले की त्या हिशेबाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

चप्पल दाखवणाऱ्या मावशींची ती गोळी डॉक्टरांनी बदलली, गुडघ्यासाठी त्या स्वतःच्या मनाने घेत असलेली वेदनाशामक बंद करायला सांगितली आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. महिन्याभरात वजन साडेतीन किलोंनी उतरले, चप्पल पुन्हा सैल झाली. तीन महिन्यांनी त्या नवा रिपोर्ट घेऊन आल्या, तेव्हा सरासरी ७.२ आली होती आणि त्या माझ्यावरच चिडल्या होत्या. "तुमी रेघ मारलीसा आन् माजी शुगर वाढवून ठेवलीसा," म्हणाल्या. त्यांच्या वयाला आणि हृदयाला ७.२ चालेल, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे त्यांनी जाता जाता कबूल केले. तरी मला पूर्ण माफ केलेले नाही.